पिवळ्या झाकणाची बरणी

"सर, अम्मी म्हणती, तुमच्या कॉलेजातला तो समुद्रसाप साप नव्हताच. मासा होता."

जिक्रा शेख हे बोलली तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि तिच्यामागं वीस-पंचवीस पोरं वह्या घेऊन उभी होती. दुपारच्या बॅचनंतर आमच्याकडं डाउट काउंटर लागतो. मी उभ्या उभ्या उत्तरं देतो. एका डाउटला अर्धा मिनिट. त्याहून जास्त लागला तर तो डाउट नव्हे, आळस आहे, असं मी पोरांना तोंडावर सांगतो. मी असाच आहे. एकोणचाळीस वर्षं लातुरात प्राणिशास्त्र शिकवतोय, आधी कॉलेजात आणि रिटायर झाल्यावर ह्या क्लासमध्ये. माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर मोजायला बसलो तर दिवस मावळेल. औसा रोडला माझा भला मोठा फोटो लावलाय आणि त्याच्याखाली लिहिलंय, 'बिराजदार सर चुकत नाहीत.' ते लिहा म्हणून मी सांगितलं नव्हतं. पुसा म्हणूनही सांगितलं नाही. खरं होतं ते, पुसायचं कशाला?

"कोण गं तुझी अम्मी?" मी विचारलं. "सालेहा. मच्छी मार्केटच्या नासिरभाईंची पोरगी. तुमची स्टुडंट होती, सर. अठ्ठ्याण्णवची बॅच. दुसरा क्लास आमच्या घराजवळ होता, पण ती म्हणली, शिकायचं तर बिराजदार सरांकडंच. फक्त तेवढं एक विचार त्यांना." पोरगी हसत नव्हती, टिंगल करत नव्हती. तिला उत्तर पाहिजे होतं आणि अर्धा मिनिट सरत आला होता. मी म्हणलं, "तुझ्या अम्मीला सांग, हायड्रोफिस होता तो. चपटी शेपटी. नेक्स्ट." मागची पोरं खुदकन हसली, जिक्रा बाजूला झाली, मी पुढच्या पोराची वही ओढली. पोरगं किडनीचं काहीतरी विचारत होतं. मी त्याला उत्तर दिलं, बरोबरच दिलं असणार, पण काय दिलं ते आज मला आठवत नाही. माझ्या डोळ्यापुढं दोन ओले हात आले होते.

सालेहा नासिर शेख. पहिल्या बाकावर बसायची. लई हुशार, पण पुस्तकातली हुशारी नव्हे ती. बेडूक कापायला दिला की बाकीच्या पोरी ओठ दाबून मागं सरकायच्या आणि ही सुई-चिमटा घेऊन पुढं. अठ्ठ्याण्णवला शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती, नांदेडहून परीक्षक आले होते. चष्मा कपाळावर, कुणाशी सरळ बोलायचे नाहीत. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, त्यांच्यापुढं माझी जरा तंतरलेलीच असायची, खोटं कशाला बोलू? स्पॉटिंग चालू होतं. म्हणजे टेबलांवर ओळीनं बरण्या मांडायच्या, प्रत्येकीसमोर नुसता नंबर, नाव नाही. पोरांनी एकेका बरणीपुढं उभं राहायचं, आत काय आहे ते ओळखून लिहायचं, अर्ध्या मिनिटाला घंटी वाजली की पुढं सरकायचं. आणि लातुरातली पोरं स्पॉटिंगला काय करतात ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. प्राणी कुणी बघत नाही, बरणी बघतात. तडा गेलेली बरणी म्हणजे विंचू. निळी चिठ्ठी लावून काढलेल्याचा डाग असलेली म्हणजे समुद्रघोडा. पिवळ्या झाकणाची उंच बरणी म्हणजे समुद्रसाप. थोरल्या बॅचची पोरं धाकट्यांना ही यादी देऊन जातात आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर पास होतात. आम्हा मास्तरांनाही ते माहीत. आम्ही हसून सोडून द्यायचो. आमचंही तेच चालू होतं हे मात्र मला त्या दिवशी डाउट काउंटरवर उभं असताना पहिल्यांदा सुचलं आणि चहा गार झाला.

सालेहानं पिवळ्या झाकणाच्या बरणीपुढं लिहिलं होतं, 'वाम.' परीक्षकांनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि मला हाक मारली, "काय हो बिराजदार, तुमच्याकडं साप आणि मासा एकच का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्याजवळ गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, ह्याला कल्ल्याची फट हाय. बगा ना, हितं." बोट काचेवर ठेवलं होतं तिनं. मी बोट बघितलं, फट बघितली नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणलं, "आधी हात धुऊन ये. मासळीचा वास येतोय. म्हणून तुला जिथं तिथं मासेच दिसतात." परीक्षक हसले. ते हसले म्हणून सगळी पोरं हसली. मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो, मला त्या वेळी लई बरं वाटलं होतं. सालेहा खरोखरच गेली. बाहेरच्या नळावर हात धुऊन आली, कोपरापर्यंत ओले, ओढणीला न पुसता तसेच समोर धरून. तोवर घंट्या पुढं गेल्या होत्या.

जिक्रानं विचारलं त्या संध्याकाळी मी घरी जेवलो, बातम्या बघितल्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आम्ही लिंगायत. मासा आमच्याकडं म्हणजे पुस्तकातली आकृती, बाणांनी नावं दिलेली. मी एमएस्सीला मासे चिरले ते हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून. नंतर आयुष्यभर काचेच्या अलीकडून आणि लांब पट्टीनं शिकवलं. ह्याची मला कधी लाज वाटली नाही. उलट वर्गात ऐटीत सांगायचो, मी माशाला हात न लावता माशाचे मणके सांगू शकतो. पोरं टाळ्या वाजवायची. सुकन्या, माझी बायको, त्या रात्री म्हणाली, "भाकरीकडं बघून काय हसूलालाव?" मी हसत नव्हतो. तोंड तसं झालं असेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. आता तिथले प्राध्यापक माझेच विद्यार्थी, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणलं, चहा राहू द्या, म्युझियमची किल्ली द्या. खोली तशीच होती, डोळे चुरचुरवणारा फॉर्मेलिनचा वास, खिडकीच्या जाळीवर धूळ, बाहेर मोटारसायकलींचा स्टँड. मी एकटाच आत गेलो. पिवळं झाकण लांबूनच दिसलं. आणि सांगतो, हसायचं असेल तर हसा, मी त्या बरणीपाशी गेलो तेव्हाही मला खात्री होती की मीच बरोबर निघणार. ओल्या फडक्यानं काच पुसली. मोबाइलचा टॉर्च लावला. चपटी शेपटी होती. मनात म्हणलं, झालं, संपलं. मग टॉर्च जरा तिरका झाला आणि शेपटीच्या कडेनं पातळ पापुद्रा दिसला. ती शेपटी चपटी नव्हती. पाठीवरून आलेला आणि पोटाकडून आलेला पर शेपटीच्या टोकाला एकत्र येऊन अंगाला चिकटला होता. सापाला पर नसतो. खवला एकही नाही, कातडी उघडी. डोळा केवढा तरी मोठा, अंधारात बघणाऱ्याचा डोळा. आणि डोक्यामागं, बरोबर तिनं बोट ठेवलं होतं तिथं, नखाएवढी फट. मी खाली स्टुलावर बसलो. बरणीच्या मागच्या अंगाला, परीक्षेत कागदानं झाकायचो ती टाइप केलेली चिठ्ठी होती: 'हायड्रोफिस. समुद्रसाप. ओळख पटवणारे: प्रा. वै. शि. बिराजदार.' खाली सही. सही माझीच, झोकदार, दोन रेघा मारलेली.

गुंडप्पाला फोन लावला. गुंडप्पा आमचा लॅब अटेंडंट, तीस वर्षं बरण्यांत फॉर्मेलिन भरलं त्यानं, आता शिरूर अनंतपाळला लेकाकडं असतो, कानानं कमी ऐकतो. मी ओरडून विचारलं, "गुंडप्पा, पिवळ्या झाकणाच्या बरणीत साप होता का मासा?" त्यानं प्रश्न दोनदा विचारायला लावला. मग म्हणाला, "साप व्हता की सर. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात बरणी सुकली, साप सडला. परीक्षा तोंडावर. पोरं तर बरणी बगूनच लिवत्यात. म्हणलं पोरांचे मार्क जातील. मंग ते कोचीच्या ट्रिपचं लांबडं कपाटात पडलेलं व्हतं, ते घातलं त्याच्यात. तुमाला सांगणार व्हतो. पर तुमी आलाव, बगितलाव आन् 'हायड्रोफिस' म्हणून सही केलाव. मला वाटलं, सर म्हणत्यात तर आसंल." त्याच्या आवाजात भीती नव्हती. त्यानं पोरांचं भलंच बघितलं होतं.

कोचीची ट्रिप. शहाण्णव साल. पहाटे बंदरावर खोल समुद्रातून आलेल्या ट्रॉलरनं झिंगे ओतले आणि त्यात हे काळपट लांबडं निघालं. खलाशी फेकून देणार होता. मी खाणाखुणांनी मागून घेतलं. तो बोट सरळ खाली करून काहीतरी म्हणाला, पुनःपुन्हा खाली, आणखी खाली. ऊन पोचत नाही तिथलं आहे, एवढं मला कळलं. मी पिशवी उघडून धरली आणि तोंड दुसरीकडं केलं, वासामुळं. गुंडप्पानं ते कॅनमध्ये घातलं. 'लातूरला गेल्यावर ओळख पटवू,' असं मी पोरांना म्हणलो. म्हणजे जे मीच समुद्रावरून आणलं, सहाशे मैल रेल्वेत पायाशी ठेवलं, तेच दोन वर्षांनी माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, आणि जिनं कधी समुद्र बघितला नव्हता तिनं ओळखलं. ह्याला काय म्हणायचं? मी लई शब्द शोधले. मूर्खपणा हाच बसतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी क्लासचा मालक हरिओम, तोही माझाच विद्यार्थी, त्यानं शिकवलंच. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणलं, वर्गात बोलावं म्हणतो. तो खुर्चीतून उठला. "सर, पाया पडतो. ॲडमिशनचे दिवस. एवढ्या जुन्या बरणीला कोण विचारतंय? त्या बाईला घरी जाऊन सॉरी म्हणा, मिठाई न्या, मिटलं." मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. मी बरणी कॉलेजातून लिहून देऊन आणली होती, ती टॉवेलात गुंडाळली, मिठाई घेतली नाही, आणि ऑटोनं मच्छी मार्केटला गेलो. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. नाकाला रुमाल लावावासा वाटला, लावला नाही.

सालेहाचं दुकान बापाच्याच जागेवर आहे, आता फ्रीजर आहे, काटा डिजिटल आहे. ती कटला कापत होती. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. मला बघून सुरी ठेवली. "या सर. बसा म्हणले असते, पर तुमाला हितं बसवंना." मी टॉवेल सोडला आणि बरणी तिच्या ओट्यावर ठेवली. बाजूच्या गाळ्यातली दोघं-तिघं येऊन वाकून बघायला लागली. मी म्हणलं, "सालेहा, फट आहे. मी बघितली. तू बरोबर होतीस. तुझे दोन मार्क मी खाल्ले."

"दोन न्हाई, सर," ती म्हणाली. "मी हात धुवायला गेले त्या टायमाला सात स्पॉट गेले. फस्क्लास तिथंच हुकला. नांदेडला एमएस्सीला नंबर लागला न्हाई." हे ती भांडल्यासारखं बोलली नाही, किलोचा भाव सांगावा तसं बोलली. सात. सत्तावीस वर्षं मला तिचे ओले हात आठवत होते आणि त्या हातांनी काय गमावलं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हणलं, "मला माहीत नव्हतं." "माहीत कामून नव्हतं? पेपर तुमीच तपासला की." मी बरणी तिच्याकडं सरकवली.

तिनं झाकण उघडलं. हात आत घातला, अलगद बाहेर काढलं, पाण्याखाली धरलं, ओट्यावर आडवं ठेवलं. अंगठ्यानं जबडा उघडला, दातांवरून बोट फिरवलं, कल्ल्याची फट ताणून आत बघितलं, पर पिसासारखा उभा केला. मी एकोणचाळीस वर्षं जे शिकवलं ते तिनं दोन मिनिटांत करून दाखवलं. मग ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं. "पर सर, ही वाम न्हाई. आपल्या मांजरा नदीतली वाम म्या हजार कापल्या. तिचे दात आसले नसत्यात, डोळा एवढा नसतो. वामंची लांबची कुणी आसंल. नाव काय हिचं?" मी कोचीच्या एका संस्थेला फोटो पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं होतं: खोल पाण्यातली वाम दिसते, पण जातभाई खूप आहेत, मणके मोजल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. मी म्हणलं, "माहीत नाही." सालेहानं वर बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "मग मी पण चुकलेच की. मला एकच मार्क द्या."

मी म्हणलं, "मार्काचं राहू दे. माफ कर मला." तिचं हसू गेलं. "मार्क गेले, एमएस्सी गेली, त्याचं आता मला काय न्हाई. दुकान चांगलं चालतंय, पोरगी शिकूलालीय. पर तुमी माझ्या हाताला बोललाव. ते हात अब्बाच्या धंद्याचे होते. अब्बा घरी विचारत होते, पेपर कसा गेला, आन् मी त्यांच्या हाताकडं बगत होते, तुमच्यासारखं. एकच दिवस. पर बगितलं. अब्बा गेले तरी माझ्या मनातनं ते बगणं जाईना." तिनं सुरी पुन्हा उचलली. "हितं एकट्यात माफी मागून काय करू मी? चार लोकांत बोललाव, चार लोकांत बोला."

हरिओमला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पाया पडला असता आणि मला पाया पडून घ्यायची सवय आहे. शनिवारची मोठी बॅच, तीनशे पोरं, पुढं दोन कॅमेरे. वाम सकाळपासून साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली होती, फॉर्मेलिन उतरावं म्हणून. माझ्या निरोपावरून सालेहा शेवटच्या रांगेत येऊन बसली होती, जिक्राला माहीत नव्हतं. मी माइक हातात घेतला. माझा आवाज कापेल असं मला वाटलं होतं. नाही कापला. खणखणीत निघाला, उत्तर येत असल्यावर निघतो तसा. मी सगळं सांगितलं. बरणी, गुंडप्पा, सही, परीक्षक. आणि ते वाक्य, जसंच्या तसं, मासळीच्या वासासकट. दाराशी हरिओम उभा होता, डोक्याला हात लावून. मी म्हणलं, "वास माझ्या नाकात होता, तिच्या हाताला नव्हता. ती बघून लिहीत होती आणि मी बरणी बघून शिकवत होतो. सालेहाबाई, मी चुकलो. नासिरभाई असते तर त्यांचीही माफी मागितली असती." मग शर्टाची बाही वर केली, हातमोजे घातले नाहीत, आणि ट्रेमध्ये हात घातला. गार, बुळबुळीत, मला वाटलं होतं त्याहून जड. कल्ल्याची फट बोटानं शोधायला मला वेळ लागला. अर्ध्या मिनिटाहून जास्त लागला. सापडली. पोरं रांगेनं येऊन बघायला लागली, कुणी घंटी वाजवली नाही. एका पोरानं पेन काढून विचारलं, "सर, नाव काय लिहायचं?" मी म्हणलं, "माहीत नाही असं लिहा. मणके मोजू, मग बघू." त्यानं खरोखरच लिहून घेतलं.

रांग संपता संपता सालेहा पुढं आली. जिक्रा बाकावरून अर्धी उठून बघत होती. सालेहानं आधी वाम नीट ट्रेमध्ये सरळ केली, मग माझ्या हातांकडं बघितलं. ते मी अंगापासून लांब, हवेत धरले होते, मनगटावरून पाणी गळत होतं, आणि वास मला स्वतःलाच येत होता. तिनं पर्स उघडली, कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. आत चिंचेचा गोळा होता. घरून निघतानाच तिनं तो बांधून आणला होता.

"नुसत्या पाण्यानं जात नसतो, सर," ती म्हणाली. माइक चालूच होता, तीनशे पोरांनी ऐकलं. "आधी हात धुऊन या."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि चिंच घेऊन बाहेरच्या नळाकडं गेलो.